बँटम कोंबडीचीं अंडीं यंत्रांत उबविणें

शेतकऱ्याच्या घरीं कोंबडी पाळणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. खुडूक बसलेल्या कोंबडीखालीं टोपलींत गवत घालून दहाबारा अंडीं ठेवावीं व एकवीस दिवसांनीं पिलें मोजून घ्यावीं, इतकें ज्ञान खेड्यांतील बहुतेक गृहिणींस असतें. अलीकडे मात्र विजेवर चालणारीं, एका वेळीं पंचवीस ते शंभर अंडीं मावतील अशीं लहान उबवणी यंत्रें बाजारांत सहज मिळूं लागलीं आहेत. आणि त्याबरोबरच बँटम नांवाच्या ठेंगण्या, देखण्या कोंबड्या पाळण्याचा नाद शहरांप्रमाणें खेड्यांतहि शिरला आहे. या दोन गोष्टींची सांगड घालतांना पुष्कळांची निराशा होते. यंत्राबरोबर येणारें माहितीपत्रक मोठ्या कोंबडीच्या अंड्यास अनुलक्षून लिहिलेलें असतें; बँटमचें अंडें त्याहून बरेंच लहान असतें. यंत्र ठीक, अंडीं ठीक, पत्रकांतील सूचनाहि अक्षरशः पाळलेल्या. तरी शेवटीं दोन डझन अंड्यांतून चारपांच पिलें निघतात आणि दोष कोणाचा यावरून वाद माजतो. लहान अंड्यास यंत्रांत कोणत्या गोष्टी निराळ्या लागतात, आणि त्या बरोबर चालल्या आहेत कीं नाहींत हें पाळणाऱ्यानें स्वतः कसें पडताळून पाहावें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

बँटम म्हणजे काय:— जावा बेटाच्या पश्चिम भागांत बांतेन नांवाचें बंदर आहे. सतराव्या शतकांत तेथें डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या व ते लोक त्यास बँटम म्हणत. त्या बंदरांत मिळणाऱ्या लहान कोंबड्यांस तेंच नांव पडलें, आणि पुढें कोणत्याहि ठेंगण्या कोंबडीस बँटम म्हणण्याचा प्रघात सुरू झाला. यांत दोन वर्ग आहेत. एक, मोठ्या जातींच्या लहान आकाराच्या प्रतिकृति. व दुसरा, ज्यांची मोठी जातच नाहीं अशा मूळच्या ठेंगण्या जाती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत सर जॉन सेब्राइट यांनीं तयार केलेली, पिसांस काळी किनार असलेली सेब्राइट जात, आणि आखूड पाय व उंच शेपटी असलेली जपानी बँटम, या दुसऱ्या वर्गांतील होत. मोठ्या कोंबडीचें अंडें साधारणपणें ५५ ते ६० ग्रॅम भरतें. बँटमचें ३० ते ४० ग्रॅम. अंड्यांच्या विक्रीवर पोट भरूं म्हणणाऱ्यानें या कोंबड्यांच्या नादीं लागूं नये, हें प्रथमच सांगितलेलें बरें. शुद्ध जातीचीं पिलें व उबविण्यासाठीं अंडीं यांस हौशी लोकांत मागणी असते. जो कांहीं लाभ व्हावयाचा तो त्यांतच.

कोंबडी बसवावी कीं यंत्र लावावें:— पुष्कळ बँटम जातींच्या माद्या खुडूक बसण्यांत व पिलें संभाळण्यांत चांगल्या असतात. पांचसात अंडींच उबवावयाचीं असतील तर यंत्राच्या खटपटींत न पडतां तीं तिच्याच खालीं ठेवावीं. अंगानें जड असलेल्या कोंबडीखालीं मात्र हीं अंडीं ठेवूं नयेत. तिच्या पायांखालीं तीं फुटतात. यंत्राची गरज पडते ती निराळ्या कारणानें. खुडूक बसलेली मादी अंडीं घालणें बंद करते आणि पिलें मोठीं होईपर्यंत पुन्हां सुरू करीत नाहीं. जातिवंत माद्या दोनतीनच असतील व त्यांचा वंश लवकर वाढवावयाचा असेल, तर अंडीं काढून घेऊन यंत्रांत ठेवणें फायद्याचें ठरतें. परंतु अशा वेळीं प्रत्येक अंडें मोलाचें असतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. एक मांडणी फुकट गेली म्हणजे केवळ अंड्यांची किंमत जात नाहीं; त्या माद्यांचा निम्मा हंगाम जातो.

अंड्यांची निवड व सांठवण:— नर माद्यांत सोडल्यापासून आठवडाभरानें निघालेलीं अंडीं उबविण्यास घ्यावीं. एका नरामागें सहा ते आठ माद्या पुरेत. ज्या जातींत शेपटीखालीं पिसांचा दाट झुपका असतो, उदाहरणार्थ पेकिन, त्या जातींत तेवढीं पिसें कातरून टाकावीं. नाहींतर बरींच अंडीं वांझ निघतात. फार लहान, फार लांबट, पातळ कवचाचीं किंवा तडा गेलेलीं अंडीं बाजूस काढावीं. अंडीं धुवूं नयेत. ओल्या फडक्यानें पुसलें असतां कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो व घाण सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरते. थोडी घाण असल्यास कोरड्या खरखरीत फडक्यानें काढावी. फार घाण असल्यास तें अंडें घेऊंच नये.

सात दिवसांपेक्षां जुनें अंडें शक्य तों मांडूं नये. दहा दिवसांपलीकडे तर नाहींच. सांठविण्याची जागा १५ ते १८ अंश सेल्सिअस उष्णतेची असावी. सुमारें २१ अंशांवर अंड्यांतील जीव अर्धवट जागा होऊं लागतो. धड वाढतहि नाहीं व धड निजूनहि राहत नाहीं, आणि असें अंडें पुढें यंत्रांत पहिल्याच आठवड्यांत मरतें. आपल्याकडे उन्हाळ्यांत घरांतील हवा ३५ अंशांपर्यंत सहज चढते. अशा दिवसांत मोठ्या रांजणांत खालीं ओली वाळू घालून, तिच्यावर घडवंची ठेवून, तीवर कोरड्या फडक्यांत अंडीं ठेवावीं व रांजणावर ओलें गोणपाट गुंडाळावें. अंड्याचें निमुळतें टोंक खालीं असावें. यंत्रांत मांडण्यापूर्वीं अंडीं कांहीं तास खोलींत राहूं द्यावीं. गार अंडें एकदम उष्ण यंत्रांत ठेवल्यास त्यावर दंव धरतें.

यंत्राची परीक्षा:— अंडीं घालण्यापूर्वीं यंत्र एक ते दोन दिवस रिकामें चालवून पाहावें. यंत्रावरील आंकडा खरा मानण्याचें कारण नाहीं. ताप पाहण्याचा थर्मामीटर व यंत्राचा थर्मामीटर सुमारें ३८ अंशांच्या कोमट पाण्यांत एकत्र धरावे. यंत्राचा विजेरी असल्यास फक्त त्याचें टोंक बुडवावें, आणि तें पाण्यास योग्य नसल्यास पातळ पिशवींत घालून बुडवावें. जो फरक दिसेल तो कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावा. आर्द्रतामापकाची परीक्षा मिठानें होते. एका लहान झांकणांत मीठ घेऊन तें चिखलासारखें होईल इतकेंच पाणी घालावें, आणि आर्द्रतामापकासह एका घट्ट झांकणाच्या बरणींत आठदहा तास ठेवावें. बरणींतील दमटपणा शेंकडा ७५ वर स्थिर होतो. साधन ६८ दाखवील तर त्यांत सात मिळवावे. ८० दाखवील तर पांच वजा करावे.

यंत्र माजघरासारख्या, दिवसा व रात्रीं उष्णतेंत फारसा फरक न पडणाऱ्या जागीं ठेवावें. खिडकीच्या उन्हांत किंवा पत्र्याच्या छपराखालीं ठेवूं नये. येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हें यंत्र हवा तापवूं शकतें. गार करूं शकत नाहीं. विदर्भांत मे महिन्यांत खोलीच ४० अंशांवर गेली तर यंत्राचा दिवा विझलेला राहील व अंडीं मात्र शिजत राहतील. म्हणून गार खोलीची सोय नसेल त्यानें चैत्र-वैशाखांत यंत्र लावूं नये. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा होय.

उष्णता:— पंखा असलेल्या यंत्रांत हवा सर्वत्र सारखी खेळते, तेथें ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, ही उष्णता मोठ्या अंड्यास व बँटमच्या अंड्यास सारखीच चालते. पंखा नसलेल्या यंत्रांत गोष्ट निराळी आहे. तेथें उष्ण हवा वर व गार हवा खालीं अशा थरांनीं राहते. अशा यंत्रांत अंड्याच्या माथ्याशीं ३९ अंशांच्या आसपास उष्णता ठेवावी लागते, म्हणजे मध्यभागीं ती योग्य होते. आतां मोठ्या अंड्याचा माथा जेथें असतो त्याहून बँटमच्या अंड्याचा माथा अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहूनहि अधिक खालीं येतो. थर्मामीटर जुन्याच उंचीवर टांगलेला राहिला तर तो वरच्या उष्ण थराचा आंकडा दाखवितो आणि अंडीं खालीं गार राहतात. पिलें एकदोन दिवस उशिरां, अशक्त व पोट फुगलेलीं निघतात. म्हणून थर्मामीटरचें टोंक बँटमच्या अंड्याच्या माथ्याच्या पातळीस आणावें. तें अंड्यास टेकूं देऊं नये.

उष्णता थोडी कमी पडल्यास पिलें उशिरां निघतात. पण ती जास्त झाल्यास तीं मरतात. ४०.५ अंशांवर कांहीं तास गेले तरी मोठें नुकसान होतें. वीज गेली म्हणजे मात्र घाबरून जाऊं नये. झांकण उघडूं नये. यंत्रावर घोंगडी किंवा गोधडी टाकावी, फक्त हवेचीं भोकें मोकळीं ठेवावीं. दोनतीन तासांच्या खंडानें बहुधा मोठी हानि होत नाहीं. शेवटच्या आठवड्यांत तर वाढलेलीं पिलें स्वतःच कांहीं उष्णता निर्माण करीत असतात. खंड लांबल्यास बाटलींत गरम पाणी भरून, ती फडक्यांत गुंडाळून, अंड्यांस न लागेल अशी आंत ठेवावी. ज्या गांवीं वीज रोज ठराविक वेळीं जाते तेथें बॅटरीची सोय केल्यावांचून यंत्र घेऊंच नये.

दमटपणा आणि वजनाचा हिशेब:— अपयशाचें मूळ बहुतेक वेळां या प्रकरणांत असतें, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. अंड्याच्या कवचास डोळ्यांस न दिसणारीं हजारों छिद्रें असतात. त्यांतून आंतील पाण्याची वाफ सतत बाहेर जाते व तिच्या जागीं हवा आंत येते. त्यामुळें रुंद टोंकाकडील हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढते. कवच फोडण्यापूर्वीं पिलास पहिला श्वास या पोकळींतील हवेचाच घ्यावयाचा असतो. पाणी कमी उडालें तर पोकळी लहान राहते, पिलूं पाण्यानें फुगतें, आणि त्यास वळण्यास जागा न राहून तें आंतच गुदमरतें. पाणी जास्त उडालें तर आंतील पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो व पिलूं त्यांत जखडून जातें.

मोठ्या आंब्यापेक्षां लहान आंबा लवकर सुरकुततो, हें सर्वांच्या पाहण्यांतील आहे. वस्तु जितकी लहान तितकें वजनाच्या मानानें तिचें पृष्ठफळ अधिक. ३५ ग्रॅमच्या अंड्याचें दर ग्रॅमामागील पृष्ठफळ ५८ ग्रॅमच्या अंड्याहून सुमारें सहाव्या हिश्श्यानें अधिक भरतें. म्हणून कोरड्या हवेंत बँटमचें अंडें मोठ्या अंड्याच्या आधीं वाळण्याचा संभव असतो. परंतु यावरून “बँटमला पाणी जास्त घाला” असा सरसकट नियम करणें चुकीचें होईल. कारण पाणी किती घालावयाचें हें अंड्यापेक्षांहि बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे.

हवा तापविली कीं तिची वाफ धरून ठेवण्याची शक्ति वाढते. वाफ मात्र तेवढीच राहिल्यानें दमटपणाचा शेंकडा उतरतो. श्रावणांत रत्नागिरीकडे बाहेरची हवा २७ अंश उष्ण व शेंकडा ८८ दमट आहे असें धरा. तीच हवा यंत्रांत ३७.५ अंशांपर्यंत तापली म्हणजे तिचा दमटपणा शेंकडा ४८ च्या आसपास येतो. पहिल्या सतरा दिवसांस साधारणपणें शेंकडा ४५ ते ५० दमटपणा पाहिजे. म्हणजे तेथें पन्हळींत पाण्याचा एक थेंबहि घालण्याचें कारण नाहीं. उलट पौषांत नाशिककडे बाहेरची हवा २० अंश उष्ण व शेंकडा ५० दमट असेल, तर यंत्रांत ती शेंकडा १८ वर येते; तेथें पाणी न घातल्यास अंडीं वाळून जातील. यंत्र एक, पत्रक एक. पण दोन गांवीं करावयाची कृति अगदीं उलट.

मग पाळणाऱ्यानें विश्वास ठेवावा कशावर? माझ्या मतें अंड्याच्या वजनावर. मांडल्यापासून सतराव्या दिवसापर्यंत अंड्याचें वजन शेंकडा बारा ते तेरा घटलें पाहिजे. सोनारी पद्धतीचा, ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा लहान विजेरी कांटा आतां थोडक्या किंमतींत मिळतो. प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीनें अनुक्रमांक घालावा व वहींत क्रमांक, घातल्याची तारीख, मादीचें नांव किंवा खूण, मांडणीचें वजन, सातव्या दिवसाचें, चौदाव्या दिवसाचें व सतराव्या दिवसाचें वजन आणि शेवटीं फळ, असे रकाने आंखावे.

हिशेब अवघड नाहीं. बारा अंड्यांचें मूळ वजन ४२० ग्रॅम असेल तर रोज सरासरी तीन ग्रॅम घट यावी. सातव्या दिवशीं सुमारें २१, चौदाव्या दिवशीं सुमारें ४२, व सतराव्या दिवशीं ५० किंवा थोडी अधिक, इतकी एकूण घट योग्य होय. सातव्या दिवशीं घट १२ ग्रॅमच भरली तर यंत्रांत ओल जास्त आहे. पाणी काढून टाकावें व हवेचें भोंक मोठें करावें. तीस ग्रॅम भरली तर कोरडेपणा जास्त आहे, पाणी वाढवावें. पाणी वाढविणें म्हणजे भांडें खोल करणें नव्हे. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते. यास्तव भांडें पसरट करावें किंवा त्यांत स्पंजाचा तुकडा उभा ठेवावा. मध्यंतरीं वांझ म्हणून काढून टाकलेल्या अंड्याचें मूळ वजनहि बेरजेंतून वजा करावें, नाहींतर घट खोटीच मोठी दिसते. कोणी म्हणतील कीं इतकी उठाठेव कशास? पण आठवड्यांतून एकदां पांच मिनिटांचें हें काम आहे, आणि चूक सुधारण्यास अद्याप वेळ आहे तोंच ती दाखविणारें यासारखें सोपें साधन नाहीं.

अंडीं फिरविणें:— अंडें एकाच स्थितींत पडून राहिलें तर वाढता जीव वर तरंगून पापुद्र्यास चिकटतो. कोंबडी बसल्या जागीं चोंचीनें अंडीं वारंवार हलविते तें याचसाठीं. हातानें फिरवावयाचीं असल्यास एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस वर्तुळ काढावें आणि दिवसांतून तीन किंवा पांच वेळां, म्हणजे विषम संख्येनें, फिरवावीं. त्यायोगें रात्रीचा लांब वेळ आळीपाळीनें दोन्ही बाजूंस येतो. हात स्वच्छ व कोरडे असावे. आपोआप फिरविणाऱ्या यंत्रांतील पट्ट्यांचें अंतर मोठ्या अंड्याच्या मापाचें असतें. बँटमचें अंडें त्यांत नुसतें सरकतें, फिरत नाहीं. फुली खरोखरच खालीं जाते कीं नाहीं हें पहिल्याच दिवशीं पाहावें व पट्ट्या जवळ घ्याव्या. तशी सोय नसल्यास हातानेंच फिरवावीं.

उजेडास धरून पाहणें:— सातव्या व चौदाव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत विजेरीच्या तोंडावर अंडें धरून पाहावें. सातव्या दिवशीं मध्यें काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडें जिवंत आहे. आरपार स्वच्छ दिसल्यास तें वांझ होय. रक्ताचें नुसतें कडें दिसल्यास जीव धरून मेला असें समजावें. चौदाव्या दिवशीं हवेची पोकळी सोडून बाकी सर्व अंडें काळें दिसलें पाहिजे. संशय असेल तें अंडें टाकूं नये. खूण करून तीन दिवसांनीं पुन्हां पाहावें. दुर्गंधि येणारें अंडें मात्र ताबडतोब बाहेर काढावें.

जपानी बँटम पाळणाऱ्यांस येथें एक विशेष सूचना आहे. या जातीचा आखूड पाय ज्या आनुवंशिक गुणामुळें येतो, तो गुण आई व बाप या दोहोंकडून मिळालेलें पिलूं कवचांतच मरतें, व तेंहि बहुधा पहिल्या आठवड्यांत. आखूड पायांचा नर व आखूड पायांची मादी यांच्या शंभर सजीव अंड्यांपैकीं सरासरी पंचवीस अशीं मरतात, पन्नास पिलें आखूड पायांचीं व पंचवीस लांब पायांचीं होतात. यांत यंत्राचा दोष नसतो व कितीहि काळजी घेतली तरी हें टळत नाहीं. म्हणून त्याच जातींतील लांब पायांच्या माद्या निरुपयोगी म्हणून विकून टाकूं नयेत. आखूड पायांच्या नराशीं त्यांची जोडी लावल्यास निम्मीं पिलें आखूड पायांचींच मिळतात आणि या कारणानें एकहि मरत नाहीं.

शेवटचे तीन दिवस:— मोठ्या कोंबडीचीं पिलें एकविसाव्या दिवशीं निघतात. बँटमचीं बहुधा एकोणिसाव्या किंवा विसाव्या. दिवस मोजतांना पूर्ण चोवीस तास झाल्यावर एक धरावा. सोमवारीं सकाळीं मांडलेल्या अंड्यांचा एक दिवस मंगळवारीं सकाळीं पुरा होतो, आणि पिलें तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारीं-रविवारीं अपेक्षावीं. मोठीं व बँटमचीं अंडीं एकाच यंत्रांत उबवावयाचीं असल्यास बँटमचीं एकदोन दिवस मागाहून ठेवावीं. पत्रकांत अठराव्या दिवशीं फिरविणें थांबवा असें लिहिलेलें असतें. बँटमच्या बाबतींत तें सतराव्या दिवशींच थांबवावें. त्याच वेळीं शेवटचें वजन घ्यावें, खालीं खरखरीत कापड अंथरावें आणि पाणी वाढवून दमटपणा शेंकडा ६५ ते ७० पर्यंत न्यावा.

यानंतर झांकण उघडूं नये. पिलूं प्रथम आंतील पोकळींत चोंच घालून श्वास घेऊं लागतें, मग कवचास पहिला टोंचा मारतें, आणि त्यानंतर बराच वेळ, कधीं कधीं अठरा-वीस तासहि, स्वस्थ पडून राहतें. हा वेळ वाया जात नसतो. पापुद्र्यांतील शिरांचें रक्त या अवधींत पिलाच्या अंगांत ओढलें जातें व उरलेला बलक पोटांत शिरतो. पाहणाऱ्याचा धीर सुटतो तो नेमका येथें. दया येऊन नखानें कवच सोलावें तर शिरा तुटून रक्त येतें व पिलूं मरतें. शिवाय झांकण उघडल्याबरोबर आंतील वाफ निघून जाऊन बाकीच्या अंड्यांचे पापुद्रे वाळतात. एका पिलाच्या कळकळीनें पांच पिलें जावीं असा प्रकार होतो. निघालेलीं पिलें अंग वाळून फुलेपर्यंत आंतच राहूं द्यावीं. पोटांतील बलकावर तीं दोन दिवस अन्नावांचून सहज राहतात.

न फुटलेल्या अंड्यांचा पंचनामा:— मांडणी संपली कीं उरलेलीं अंडीं उकिरड्यावर टाकण्याची घाई करूं नये. एकेक फोडून पाहावें व वहीच्या शेवटच्या रकान्यांत लिहावें. आंत कांहींच वाढ नसल्यास नराकडे पाहावें. पहिल्या आठवड्यांत मेलेलीं पुष्कळ असल्यास सांठवणीकडे किंवा आरंभीच्या उष्णतेकडे पाहावें. पूर्ण वाढलेलें पिलूं ओलसर, फुगलेलें व पोकळी लहान, अशी स्थिति आढळल्यास यंत्रांत पाणी जास्त झालें. टोंचा मारून पापुद्र्यांत जखडून मेलेलें असल्यास कोरडेपणा झाला किंवा झांकण उघडलें गेलें. पिलें अठराव्या दिवसाच्या आधींच व बेंबी न भरलेलीं निघालीं तर उष्णता जास्त होती. एकविसाव्या दिवसानंतर निघालीं तर कमी होती.

या पंचनाम्याचें महत्त्व केवळ पुढील मांडणीपुरतें नाहीं. माझ्या परिचयाच्या कोंकणांतील एका गृहस्थानें ऐन पावसाळ्यांत शेजारच्या गांवच्या एका बाईकडून बँटमचीं चोवीस अंडीं विकत घेतलीं. चारच पिलें निघालीं. बाईनें नर नसतांना घातलेलीं अंडीं दिलीं अशी त्यांची खात्री झाली व तसें ते चारचौघांत बोलूंहि लागले. ती बाई दर हंगामास अशीं अंडीं विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविते. गांवांत एकदां नांव गेलें असतें तर तिचें गिऱ्हाइक कायमचें तुटलें असतें. उरलेलीं वीस अंडीं फोडून पाहावीं असा मीं आग्रह धरला. दोन वांझ निघालीं, तिघांत रक्ताचें कडें होतें, आणि पंधरा अंड्यांत पूर्ण वाढलेलीं, ओलीं, फुगलेलीं पिलें होतीं. पत्रकांत लिहिल्याप्रमाणें यंत्राची पन्हळ पहिल्या दिवसापासून पाण्यानें भरलेली होती. बाईचीं अंडीं चांगलीं होतीं. पंधरा पिलें पाण्यानें मेलीं. त्या गृहस्थांनीं तिच्या घरीं जाऊन आपलें बोलणें परत घेतलें, तिच्याचकडून पुन्हां चोवीस अंडीं घेतलीं, व सतराव्या दिवसापर्यंत पाणी न घालतां वजनावर लक्ष ठेवून सतरा पिलें काढलीं.

पिलांची पहिली निगा:— बँटमचें पिलूं मोठ्या पिलाच्या निम्म्याएवढें असतें. पहिल्या आठवड्यांत जमिनीलगत सुमारें ३५ अंश ऊब द्यावी व पुढें दर आठवड्यास तीन अंश कमी करावी. पिलें दिव्याखालीं गर्दी करतील तर त्यांस थंडी वाजते. दूर पळून चोंची उघडतील तर उष्णता जास्त आहे. गुळगुळीत कागदावर ठेवूं नयेत. पाय फांकून तीं लंगडीं होतात. पाण्याच्या ताटलींत गोटे घालावे, नाहींतर इतकीं लहान पिलें उथळ पाण्यांतहि बुडून मरतात. दाणा बारीक भरडून द्यावा. जाळीचीं भोंकें लहान असावीं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्याच आठवड्यांत टोंचण्याऐवजीं थेंबानें देतां येते. तिच्या वेळेविषयीं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आधींच विचारून ठेवावें. रिकामें यंत्र साबणाच्या पाण्यानें धुवून उन्हांत पूर्ण वाळवावें आणि मगच पुढील मांडणी करावी.

सारांश, बँटमचें अंडें लहान असल्यामुळें थर्मामीटरची उंची, पाण्याचें प्रमाण, पट्ट्यांचें अंतर व दिवसांची मोजणी, या चारहि गोष्टी माहितीपत्रकाहून निराळ्या होतात. आणि त्यांतील पाण्याचें प्रमाण तर गांवोगांवीं व ऋतूऋतूंस बदलतें. ज्यानें त्यानें आपल्या घरच्या हवेंत, आपल्या यंत्रावर, तीन मांडण्यांचीं वजनें लिहून ठेवलीं कीं चौथ्या मांडणीस कोणास विचारण्याची गरज पडणार नाहीं. ज्या सभासदांनीं अशा वह्या ठेवल्या असतील त्यांनीं आपल्या तालुक्याचें नांव, महिना व सतराव्या दिवसाची घट एवढा तपशील मासिकाकडे पाठविल्यास, कोणत्या भागांत कोणत्या महिन्यांत किती पाणी घालावें याचें एक कोष्टक सर्वांच्या उपयोगासाठीं तयार करतां येईल.